ब्रीदर पाइपातलं ऑइल

३ मार्च, मंगळवार

रक्तदाबाच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राग आला की ओरडू नका, लिहून काढा. त्यांना काय जातंय सांगायला. पण आईने ते उचलून धरलं, कारण काल मी ओट्यावर झाकणी आपटली आणि तिची कड वाकली. आता ती कशावरच नीट बसत नाही. म्हणून हे लिहायला घेतलंय.

आजचा राग. सिग्नलला शेजारच्या बसवाल्याने खिडकीतून हात हलवून सांगितलं की बाई, मागून निळा धूर सोडताय. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, एअर फिल्टरचं झाकण काढलं. फिल्टर ऑइलने भिजून काळा झालेला. त्याच्याकडे येणारा जाड रबरी पाइप, म्हणजे ब्रीदर, ज्यातून इंजिन आपल्या पोटातली वाफ बाहेर सोडतं, तो आतून निथळत होता. तिथे नुसती वाफ यायला हवी. ऑइलचं तिथे काय काम?

हे सगळं धाकट्याचं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. त्याचं नाव मी तोंडाने घेत नाही आणि इथेही लिहिणार नाही. बाबांची टॅक्सी आता आम्हा दोघांची आहे. पहाटेपासून दुपारपर्यंत तो भाडी मारतो, दुपारपासून संध्याकाळपर्यंत मी. मग गाडी त्याच्या घरी जाते. आमचं बोलणं बंद असल्यामुळे अदलाबदल पाण्याच्या टाकीशेजारच्या चढावर होते. एकाने गाडी लावायची, किल्ली समोरच्या शिलाईवाल्या मावशींकडे द्यायची आणि चालू पडायचं. दुसऱ्याने पाचेक मिनिटांनी यायचं. एकमेकांचं तोंड बघावं लागत नाही, एवढा एकच फायदा.

गाडी हातात आली की मी आधी ऑइल बघते. आजही मापाच्या पट्टीवर ऑइल खालच्या खुणेपाशीच होतं. माझी बाटली मी घरून पिशवीतून नेते, डिकीत ठेवत नाही. थोडं घातलं. हा माणूस बॉनेट उघडत असेल तर शपथ. डोळ्यांत तेल घालून बघायचं मीच आणि इंजिनातही मीच घालायचं.

४ मार्च, बुधवार

सकाळीच मोठ्या गॅरेजच्या माणसाला फोन केला होता, दुपारी तिथे गेले. काचेची केबिन, गार हवा, टेबलावर खोटं झाड. पांढऱ्या शर्टातल्या मुलाने गाडीला हातही न लावता सांगितलं की ब्रीदरमधून ऑइल येतंय म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या, इंजिन पूर्ण उघडावं लागेल, पंधरा-वीस दिवस गाडी इथेच राहील. मी विचारलं, बघितलं तरी का तुम्ही? तो म्हणाला की अशा जुन्या गाड्यांना हेच होतं. मी निघून आले. बाहेर पडताना दार आपटायची इच्छा होती, पण ते आपोआप बंद होणारं दार होतं. तेही सुख नाही.

घरी येऊन आईला म्हटलं, इंजिन गेलं, तुझ्या लाडक्याने घालवलं. आई वाटाणे सोलत होती. म्हणाली, "त्याला विचारलंस का?" मी म्हटलं, विचारायला तोंड बघावं लागतं. ती पुढचा वाटाणा सोलायला लागली. आई कुणाची बाजू घेत नाही. त्याचाही राग येतो.

७ मार्च, शनिवार

गाडी आपल्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. आधीच न्यायला हवी होती, पण त्यांना बाबांबद्दल बोलायची फार हौस आणि मला ऐकायची नाही. त्यांचं दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, सपाट सिमेंटची जमीन, भिंतीला टांगलेले पाने आणि एक रेडिओ, जो ते कधी लावत नाहीत आणि कधी टाकतही नाहीत.

मिस्त्री म्हणाले, रिंगांवर एकदम जाऊ नका. ब्रीदरच्या वाटेवर एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो अडकला की पोटातली वाफ कोंडते आणि ऑइलला बरोबर घेऊन वाट मिळेल तिथून बाहेर पडते. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. खुळखुळ वाजला. म्हणजे मोकळा आहे, असं त्यांनीच सांगितलं आणि तरीही नवा बसवला. पाइप सोडून पेट्रोलने धुतले. इंजिनाच्या ओढीवर चालणारे बारीक व्हॅक्यूमचे पाइपही तपासले, त्यातल्या दोनांत ऑइल होतं. ते पुसून घेतले. नवा फिल्टर टाकला. म्हणाले, चालवा चार दिवस आणि या.

मी सांगितलं की तुम्ही काहीही बदला, सकाळी जो माणूस चालवतो तो बदलत नाही तोवर उपयोग नाही. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाची किंचाळी फुटेपर्यंत नेतो, मी ऐकलंय. मिस्त्री म्हणाले, "भाऊ ना तो तुमचा?" मी म्हटलं, गाडीत भागीदार आहे.

बॅटरीच्या मागे एक चिंधी कोंबलेली सापडली, वहिनीच्या, म्हणजे धाकट्याच्या बायकोच्या, जुन्या गाऊनची. तेलकट. गाडी म्हणजे काय यांची मोरी आहे? काढून फेकून दिली.

११ मार्च, बुधवार

पुन्हा ऑइल. नवा व्हॉल्व्ह, धुतलेले पाइप, कोरा फिल्टर, सगळं पुन्हा लडबडलेलं. चढावर उभं राहून मी ब्रीदरच्या पाइपात बोट घातलं आणि बाहेर काढलं तर नखापर्यंत काळं. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शिलाईवाल्या मावशींना सांगितलं, त्याला म्हणावं गाडी चालवायची अक्कल नसेल तर हमाली कर. मावशी मशीन थांबवून म्हणाल्या, "असं नाही हो सांगणार मी. आणि तो काही अगदीच नाही असं नाही. रोज येतो तेव्हा बॉनेट उघडून उभा असतो की." मला हसू आलं. बॉनेटच्या आडोशाला सिगरेट ओढत असणार. घरी वहिनी ओढू देत नाही.

पट्टी आजही खालच्याच खुणेला. घातलं.

म्हणजे पाइपातूनही ऑइल जातंय आणि पट्टीवरही कमी दिसतंय. इंजिन ऑइल पितंय, त्या पांढऱ्या शर्टवाल्याचंच खरं निघणार. गाडी विकून टाकावी का? विकली तर धाकट्याशी एवढासाही संबंध उरणार नाही. तेच बरं. तेच बरं, असं दोनदा लिहिलंय. एकदा पुरे होतं.

१२ मार्च, गुरुवार

आज लिहिते, कारण झोप येत नाही आणि आईला उठवायचं नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, एवढा राग कशाचा? मी सांगितलं, गाडीचा. खोटं. गाडीचा नाही.

बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा मी रात्री बसायचे आणि धाकटा दिवसा. त्या सकाळी तो आला, मी घरी येऊन आडवी झाले. दुपारी त्याचा फोन आला की संपलं. घर ते हॉस्पिटल चालत गेलं तरी दहा-बारा मिनिटांचं. मी गेले तर सगळं आवरून झालेलं. मग त्याने मला काय सांगितलं? की बाबा शांतपणे गेले, हळूहळू, तासभर तरी लागला, मी सगळा वेळ हात हातात घेऊन बसलो होतो, काही त्रास झाला नाही त्यांना.

तासभर. तासभर तो हात धरून बसला आणि एक फोन करता आला नाही. दुसरा हात काय बांधून ठेवला होता? मी एवढं विचारलं तर म्हणाला, सुचलं नाही. रात्र रात्र जागणारी मी, आणि शेवटचा तास याने एकट्याने ठेवून घेतला. त्यानंतर मी त्याच्याशी शब्द बोललेले नाही आणि बोलणारही नाही.

लिहून बरं वाटत नाहीये. डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं.

१३ मार्च, शुक्रवार

मिस्त्रींनी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, तपासलं. प्लग काढून एकेका सिलिंडरला मीटर लावायचा, मी आत बसून चावी फिरवायची. रिंगा झिजल्या असतील तर काटा वर चढत नाही. चारही वेळा काटा सारखाच वर गेला. मिस्त्रींनी पुन्हा केलं, कारण त्यांचाही विश्वास बसेना. पुन्हा तेच.

म्हणाले, "इंजिन पैलवान आहे तुमचं. रिंगा शाबूत आहेत."

मग ऑइल येतंय कुठून, मी विचारलं.  व्हॉल्व्ह उगाच बदलला, एवढं त्यांनी कबूल केलं. शेवटी म्हणाले, सोमवारी दुपारपासून गाडी माझ्याकडे ठेवा, पूर्ण गार होऊ दे, मग बघू. माझी एक पाळी बुडणार. त्याची नाही. त्याची कधीच नाही.

१६ मार्च, सोमवार

काय लिहू.

गाडी दुपारभर मिस्त्रींच्या सपाट जमिनीवर उभी होती. मी तिथेच टायरवर बसून राहिले. ऊन कलल्यावर मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवून गार झालंय याची खात्री केली आणि ऑइलची पट्टी काढली. पुसून पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग माझ्यापुढे धरली. वरच्या खुणेच्याही वर, पार दांड्यापर्यंत ऑइल.

मी म्हटलं, शक्यच नाही. काल मी बघितलं तेव्हा खालच्या खुणेला होतं, आणि मी घातलं तेही थोडंच.

मिस्त्रींनी विचारलं, कुठे बघता? चढावर. कधी? गाडी हातात आली की लगेच. इंजिन गरम असताना? हो, आत्ताच बंद झालेलं असतं. त्यांनी सांगितलं ते असं, की चालत्या इंजिनात ऑइल वर सगळीकडे उडालेलं असतं, ते खाली चेंबरमध्ये उतरायला थोडा वेळ द्यावा लागतो. त्यात गाडी नाक वर करून चढावर उभी, ऑइल मागे सरकतं आणि पट्टी पुढे. म्हणून पट्टी कमी दाखवणारच. कमी नसताना तुम्ही घालत राहिलात. चेंबर गच्च भरला, इंजिनाचा फिरता दांडा ऑइल घुसळून घुसळून फेस करायला लागला आणि तो फेस ब्रीदरमधून फिल्टरकडे, तिथून इंजिनात, तिथून व्हॅक्यूमच्या पाइपांत.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. बाबा रोज सकाळी गाडी गार असताना दारापुढच्या फरशीवर बघायचे. पट्टीला आम्हाला कधी हात लावू दिला नाही. म्हणायचे, इंजिनाच्या पोटात एकाच माणसाने बघावं. तेव्हा वाटायचं, काय हा अट्टाहास. पण वेळ आणि जागा का ठरलेली, ते कुणाला सांगायची त्यांना गरजच पडली नाही.

मग मिस्त्रींनी खालचा नट सोडून जास्तीचं ऑइल डब्यात काढलं. ते येतच राहिलं. मी डब्याकडे बघत होते. मिस्त्रीही बघत होते. मी आजवर घातलेल्याच्या दुप्पट तरी असेल. काही जळलं असेल ते वेगळंच.

"घरात आणखी कोण घालतं?" मिस्त्रींनी विचारलं.

मी म्हटलं, कोणी नाही. आणि म्हणता म्हणताच ती चिंधी आठवली. गाऊनची. आणि मावशींचं ते बॉनेट.

म्हणजे तोही बघत होता. संध्याकाळी मी गाडी लावून गेले की त्याच चढावर, तशाच गरम इंजिनावर, तीच पट्टी. त्यालाही कमी दिसायचं आणि तोही मनात म्हणत असणार की ही बाई बॉनेट उघडत असेल तर शपथ.

हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं. गाडी शाबूत आहे, भाऊ निष्काळजी नाही. पण तळपायाची आग मस्तकात गेलीय. इतके महिने तो निष्काळजी आहे यावर मी किती काय काय रचलं होतं. आता ते कुठे ठेवू? आणि याला कधीपासून ऑइलची काळजी? बाबा असताना बॉनेट उघडायचं कुठून ते याला ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट राहिली. ब्रेकला जाणारा व्हॅक्यूमचा पाइप ऑइल शोषून आतून नरम पडलाय. त्या पाइपातल्या ओढीवर ब्रेकचं पेडल हलकं राहतं. तो आतल्या आत चिकटला तर पेडल दगडासारखं होतं. नवा उद्या दुपारी येणार. मिस्त्री म्हणाले, तोवर गाडी उभी ठेवलेली बरी, आणि भावाला नक्की सांगा.

गाडी हळूहळू चढावर नेऊन लावली. फोन करावा असं मनात आलं होतं. पण पहिला फोन मी का करायचा? मावशींना दोन्ही निरोप दिले. ऑइलचा नीट समजावून सांगितला, की पट्टीला हात लावायचा नाही, थेंब घालायचा नाही, त्याच्यामुळे काय काय झालं ते. ब्रेकचंही सांगितलं. दुकानात कुणीतरी ब्लाउजचं माप द्यायला उभी होती.

१७ मार्च, मंगळवार

धाकट्याला अपघात झाला. जीव वाचला आहे. मनगट मोडलं, कपाळाला टाके.

वहिनीने आईला फोन केला, आईने मला. सकाळी हॉस्पिटलकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ब्रेक लागेना. पेडल दाबलं जाईना. त्याने गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि समोरच्या बसवर आदळण्यापेक्षा दुभाजकाच्या कठड्यावर घातली. मागे बसलेल्या प्रवाशाला खरचटलंसुद्धा नाही. तो त्याच्या बॅगेच्या तुटलेल्या चाकाबद्दल भांडत होता म्हणे.

मी आधी मावशींकडे गेले. का गेले कोण जाणे, वाटेत होत्या म्हणून. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, निरोप दिला ना मी, ऑइलला हात लावू नकोस असा? मी म्हटलं, आणि ब्रेकचा? त्यांच्या हातातली कात्री तशीच राहिली. "ब्रेकचं म्हणालात का तुम्ही? ऑइलचं एवढं रागावून सांगत होतात की माझं लक्ष त्यातच…" त्या रडायला लागल्या. मी त्यांना रडत सोडून आले. वाईट केलं. पण थांबले असते तर जास्त वाईट बोलले असते.

अपघात विभागाच्या बाहेर बाकावर बसला होता. हात गळ्यात, कपाळावर पट्टी, शर्टाला रक्त. वहिनी औषधं आणायला गेलेली. त्याने मला बघितलं आणि मान फिरवली. मला वाटलं होतं की रडू येईल. आला तो संताप.

मी म्हटलं, ब्रेकचं मी सांगितलं होतं. तो म्हणाला, मला ऑइलचं सांगितलं, तेही मावशींकडून, नोकराला सांगावं तसं. मी म्हटलं, तू ऑइल घालतोस हे मला कुणी सांगितलं होतं? तो म्हणाला, तू घालतेस हे मला? आवाज चढत गेले. इतक्या महिन्यांनी आम्ही बोलत होतो आणि पहिलं वाक्य ऑइलवर. एक नर्स बाहेर येऊन आमच्याकडे बघून गेली.

मग मी तेच विचारलं. इतकी काळजी होती बाबांच्या गाडीची, तर बाबांची का नव्हती, तासभर हात धरून बसलास आणि बहिणीला एक फोन केला नाहीस.

तो म्हणाला, "नव्हतो मी तिथे, ताई."

मला ऐकू आलं, पण कळलं नाही. त्याने दुसऱ्यांदा सांगितलं. मग सगळं सांगितलं, समोरच्या भिंतीकडे बघत. त्या दुपारी बाबांना बोलताना धाप लागत होती. तरी ते त्याला म्हणाले की खाली जा, गाडीचं ऑइल बघून ये. हा म्हणाला, नंतर बघतो. ते हट्टाला पेटले. म्हणाले, आत्ता जा, पट्टी पुसून दोनदा बघ, घाई करू नकोस. म्हणून हा गेला. याला तर बॉनेटचा खटकाही सापडेना. सापडला, पट्टी काढली, पुसली, दोनदा बघितली. वर आला तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता.

"तो तास?" मी विचारलं.

"तो मी तुझ्यासाठी बनवला. एकटेच गेले असं कसं सांगू तुला?"

वहिनी औषधं घेऊन आली, म्हणून पुढे काही झालं नाही. मी निघाले. जाताना त्याच्या मोडक्या हातालाच धक्का लागला. मुद्दाम नाही.

१८ मार्च, बुधवार

आईला सांगितलं. तिला ठाऊक होतं. त्याने तिला तेव्हाच सांगितलं होतं आणि ताईला सांगू नकोस म्हणून हातावर हात मारून घेतला होता. आज मी आईशीही बोललेले नाही.

बाबांवरही चिडले आहे. माणसाने शेवटचं म्हणून काय बोलावं? ऑइल बघून ये. ज्या मुलाला जन्मात पट्टीला हात लावू दिला नाही, त्याला नेमकं तेव्हाच पाठवायचं काय सुचलं त्यांना, कळत नाही. गुंगीत असतील.

तेव्हापासून पट्टी बघितल्याशिवाय तो गाडी हलवत नाही, हे वहिनीने फोनवर सांगितलं. मी तिला विचारलं नव्हतं.

२४ मार्च, मंगळवार

गाडी आली. पुढचा बंपर, एक दिवा आणि ब्रेकचा पाइप नवा. मिस्त्रींनी ब्रीदर माझ्यासमोर उघडून दाखवला. कोरडा.

धाकट्याच्या हाताला प्लास्टर, त्यामुळे दोन्ही पाळ्या मीच चालवणार. मावशींकडे गेले. माप द्यायला जुना ड्रेस नेला होता, नवा शिवायचा म्हणून. मला नव्या ड्रेसची गरज नाही. त्यांनी माप घेतलं, टाचण्या तोंडात धरल्या असल्यामुळे त्यांना बोलता आलं नाही आणि मलाही तेच सोयीचं होतं.

२८ मार्च, शनिवार

आज धाकटा शेजारी बसून आला. घरी कंटाळलो म्हणाला. वहिनी म्हणाली, न्या हो याला, माझं डोकं खातोय. मी नको म्हणायच्या आत तो बसला होता.

दिवसभर त्याने मला गाडी शिकवली. इथे गिअर टाक, तिथे वळू नकोस, ह्या सिग्नलला डावीकडे राहा. मी त्याच्या चार वर्षं आधी शिकले आहे. एका म्हाताऱ्या प्रवाशाने मागून विचारलं की तुमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली का. आम्ही दोघंही एकदम त्याच्यावर वसकन ओरडलो. तो पुढच्या चौकातच उतरला.

दुपारी एका बाईंना हॉस्पिटलच्या दारात सोडलं. निघणार तर धाकटा म्हणाला, जरा थांब. समोरच्या आवारात गाड्या लावायची जागा आहे, तिथे कडेच्या झाडाखाली बोट दाखवून म्हणाला की त्या दिवशी गाडी इथे होती. बस्स, एवढंच म्हणाला. आणि खिडकीबाहेर बघत बसला. मला असा राग आला त्याचा. किती दिवस हा माणूस ह्या दारात प्रवासी सोडत असेल आणि दर वेळी ह्या झाडाकडे बघत असेल, कुणाला काही न सांगता.

गाडी त्याच झाडाखाली लावली. त्याला म्हटलं, खाली उतर, बॉनेट उघड, मला पाणी बघायचंय. तो म्हणाला, एका हाताने? मी म्हटलं, एका हाताने. आणि मी आत शिरले.

तिसरा मजला. वॉर्डाचं दार उघडंच होतं. बाबांचा पलंग भिंतीकडून शेवटचा, खिडकीला लागून. रात्री मी तिथे बसायचे तेव्हा खिडकीचा पडदा ओढलेला असायचा, नाहीतर काच काळी असायची, त्यातून काही दिसतं का हे बघायचं कधी मनातही आलं नव्हतं. आता पलंगावर दुसरेच कुणी आजोबा होते, त्यांची मुलगी त्यांना भरवत होती. मी तिला म्हटलं, एक मिनिट, मला फक्त खिडकीतून बघायचंय. ती म्हणाली, ही बघायला यायची वेळ नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे. वेळेबद्दल मला कुणी शिकवू नये. आजोबांनी चमचा बाजूला सारून मला यायची खूण केली.

उशीच्या उंचीला वाकले. झाड, त्याच्याखाली आमची गाडी, उघडं बॉनेट आणि त्याच्यात डोकं घालून उभा धाकटा. खटका सापडला होता त्याला. प्लास्टरचा हात लांब धरून दुसऱ्या हाताने काहीतरी पुसत होता. इतका स्वच्छ दिसत होता की त्याचा शर्ट पाठीवर चुरगळलेला आहे हेही मला दिसलं.

आजोबांनी विचारलं, तुमचं कुणी आहे का खाली?

मी म्हटलं, भाऊ.

खाली आले, गाडीत बसले. तो बॉनेट लावून शेजारी बसला आणि म्हणाला की पाणी बरोबर आहे, उगाच उतरवलंस. मी गाडी चालू केली नाही. म्हटलं, "बाबांच्या पलंगावरून तू दिसतोस. सगळा. आडवं पडून बघितलं तरी."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने चांगल्या हाताने तोंड झाकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला काय करावं ते सुचेना. आमच्याकडे पाठीवरून हात वगैरे फिरवायची कुणाला सवय नाही. मी आपलं स्टिअरिंग घट्ट धरून बसले, आणि दिसत नव्हतं तरी समोर बघत राहिले.

मागे एक गाडी येऊन उभी राहिली होती, तिला आमची जागा हवी होती. त्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा दिला तेव्हा मी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं त्याला सांगितलं की आम्ही इथून निघू तेव्हा निघू.